फिजिओथेरपी असिस्टंटचं काम: कुठपर्यंत करायचं आणि कुठे थांबायचं

निरगुडी

‘असिस्टंट’ या एका शब्दात वेगवेगळी माणसं येतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, म्हणून हा धागा. फिजिओथेरपी विभागात कामाचे तीन थर असतात. थेरपिस्ट पेशंटला तपासतो, काय बिघडलंय ते ठरवतो, ध्येय आणि आराखडा लिहितो. असिस्टंट तो आराखडा प्रत्यक्षात आणतो: व्यायाम करून घेतो, चालवतो, शेक देतो, मोजमापं घेतो, नोंदी ठेवतो. तिसरा थर मदतनिसाचा. पेशंटची ने-आण, टेबल पुसणं, शेकाचे पॅक तयार ठेवणं, जड पेशंट उठवताना दुसरी व्यक्ती म्हणून उभं राहणं ही त्याची कामं. पेशंट कसा प्रतिसाद देतोय त्यावरून पुढची पायरी ठरवणं मदतनिसावर टाकू नये.

अमेरिकेत हा मधला थर तिथल्या फिजिओथेरपी संघटनेने १९६७ साली मान्य केला आणि १९६९ साली पहिली तुकडी बाहेर पडली. तिथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि परवाना लागतो. इतर देशांत नाव, शिक्षण, कायदा वेगळा असतो. खाटेजवळचं काम मात्र फारसं वेगळं नसतं.

हद्द सांगायला सोपी, पाळायला अवघड. पहिली तपासणी, निदान, ध्येय, आराखड्यातला बदल आणि डिस्चार्जचा निर्णय थेरपिस्टचा. पण आराखड्याच्या आत असिस्टंटला बराच वाव असतो. ‘वॉकरवर १० ते ३० मीटर, जमेल तसं वाढवणे’ असं लिहिलेलं असेल तर आज १५ की २५ हे असिस्टंटने बघून ठरवायचं. वॉकरवरून काठीवर आणणं मात्र त्यात बसत नाही. मला स्वतःला एक नियम पुरेसा वाटतो: कमी करायला किंवा थांबवायला कुणाची परवानगी लागत नाही, वाढवायला आराखड्यात जागा असावी लागते. आणि कमी केलं तर ते थेरपिस्टला त्याच दिवशी कळलं पाहिजे.

जाणकारांनी आपापल्या भागातलं बारकाव्यांसह लिहावं. नुसतं ‘काळजीपूर्वक करा’ असं नको.

तिसरा_मणका

खाटेवरून व्हीलचेअरवर नेणं हे रोजचं आणि जोखमीचं काम, त्यापासून सुरुवात करतो.

पेशंटला हात लावण्याआधी फाईल बघायची. पायावर किती वजन द्यायचं, कालपासून कुठलं औषध बदललं, रात्री काही झालं का. शेवटचं नर्सला तोंडी विचारलेलं बरं. मग नळ्या बघायच्या: सलाईन, लघवीची पिशवी, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी), ऑक्सिजन. प्रत्येक नळी कुठल्या बाजूने येते आणि तिला किती ढील आहे ते आधी हाताने चाचपून घ्यावं. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर राहिली पाहिजे. पेशंट उठताना ती मांडीवर ठेवली जाते आणि लघवी उलटी जाते, ही नेहमीची चूक.

खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, खाटेशी ३० ते ४५ अंशांत. ब्रेक लावलेले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला काढलेल्या. पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळवून ठेवली की खुर्चीचा पाया लांब होतो आणि ती पुढे कलंडत नाही. खाटेची उंची अशी की पेशंटचे दोन्ही तळवे पूर्ण टेकतील आणि खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील. खाटेलाही ब्रेक असतात, ते विसरू नये.

पेशंटला धरण्यासाठी त्याच्या कमरेला बांधायचा बेल्ट कपड्यांवरून, आत सपाट बोटं जातील इतका घट्ट. बसल्यावर पोट बदलतं आणि बेल्ट सैल होतो, म्हणून बसवल्यावर पुन्हा ओढून घ्यायचा. पोटाची ताजी शस्त्रक्रिया, बरगडीचं फ्रॅक्चर, पोटातून घातलेली जेवण देण्याची नळी किंवा मलविसर्जनाची पिशवी असेल तर बेल्ट तिथे बांधायचा नाही. कसं करायचं ते थेरपिस्टला आधी विचारायचं.

आता उठवणं. कडेवर वळवून पाय खाटेबाहेर, मग कोपरावर आणि तळहातावर जोर देऊन बसवायचं. मिनिट-दोन मिनिटं तसंच बसू द्यायचं आणि घोटे वर-खाली करायला लावायचे. चेहरा पांढरा पडतोय का, बोलणं तुटतंय का, पेशंट एकटक बघतोय का, हे त्या दोन मिनिटांत दिसतं.

उभं करण्यातली खरी मेख नाक आणि पायाच्या बोटांमध्ये आहे. बसकण खाटेच्या कडेपर्यंत पुढे आणा. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या. मग पेशंटला पुढे झुकायला सांगा, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल. तेवढं झुकल्यावर बसकण आपोआप हलकी होते आणि खाटेवरून सुटते. पेशंटला पुढे पडायची भीती वाटते, त्यामुळे तो पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला बघतो, दोन इंच उचलला जातो आणि मागे आपटतो. असिस्टंट मग त्याला ओढून उचलतो आणि स्वतःची कंबर धरून बसतो. ताकद लावण्याआधी झुकवण्यावर वेळ घालवावा. समोर स्टूल ठेवून त्यावर हात पुढे सरकवायला सांगितलं की भीती कमी होते.

मोजण्याआधी ‘तीन म्हटल्यावर उठायचं’ हे ठरवून घ्या. कुणी तीनवर उठतं, कुणी तीननंतर, आणि दोघांचा जोर वेगवेगळ्या क्षणी लागतो. वळताना पेशंटने छोटी पावलं घ्यायची आणि आपणही पाय हलवायचे, कमरेतून पिळायचं नाही. खुर्चीची कड पोटऱ्यांना लागली की हात मागे, हातांनी खुर्ची पकडायची आणि सावकाश खाली.

ओसरी

फार उपयोगी. एक शंका आहे. पक्षाघाताच्या पेशंटला उठवताना काखेत हात घालून उचलतात, हे बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते बरोबर आहे का?

मनगट

ओसरी, नाही. काखेत हात घालायचा नाही आणि लकवा झालेला हात धरून ओढायचं तर मुळीच नाही.

खांद्याचा गोळा उथळ वाटीत बसलेला असतो आणि त्याला जागेवर मुख्यतः आजूबाजूचे स्नायू धरून ठेवतात. पक्षाघातानंतर सुरुवातीच्या काळात ते स्नायू ढिले पडतात, हाताच्या वजनानेच गोळा खाली सरकतो. खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली बोट ठेवून पाहिलं तर खळगा लागतो, एक बोट, कधी त्याहून जास्त. अशा खांद्याला काखेतून वर रेटलं किंवा हात धरून खेचलं की आतले मऊ भाग चिमटतात आणि ताणले जातात. मग दुखणं सुरू होतं, दुखण्यामुळे पेशंट हात हलवू देत नाही, आणि पुढचे कित्येक आठवडे हाताचे व्यायाम मागे पडतात. म्हणजे तीस सेकंदांच्या घाईची किंमत फार मोठी.

करायचं असं: एक हात बेल्टवर, दुसरा पाठीमागून खवाट्यावर. कमजोर पायाचा गुडघा दुमडू नये म्हणून आपला गुडघा त्याच्या गुडघ्यासमोर टेकवून ठेवायचा, दाबायचा नाही. उठवण्याआधी लुळा हात पेशंटच्या मांडीवर किंवा त्याच्या चांगल्या हातात द्यायचा. बसवल्यावर तो हात उशीवर किंवा खुर्चीच्या ट्रेवर, लोंबकळत कधीच नाही. कूस बदलताना हात अंगाखाली अडकतो, तेही बघावं.

याच कारणाने अशा खांद्याला डोक्यावरच्या कप्पीचे व्यायाम देत नाहीत. रिकामी कप्पी दिसली म्हणून ‘तोवर ओढत बसा’ असं असिस्टंटने सांगू नये.

मोजपट्टी

चालण्याच्या साधनांबद्दल लिहितो, कारण चुकीच्या उंचीचा वॉकर सर्रास दिसतो.

पेशंटला रोजच्या चपला-बूट घालून सरळ उभं करायचं, हात बाजूला सैल. मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ. पकडल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकलेलं दिसेल. उंच झाला तर खांदे कानाकडे जातात आणि हातांवर वजन घेता येत नाही. ठेंगणा झाला तर पेशंट वाकून चालतो आणि नजर जमिनीवर जाते. चारही पायांची बटणं सारख्याच उंचीच्या भोकात अडकली आहेत का ते मोजा, एखादं बटण अर्धवट बाहेर आलेलं असतं आणि वजन पडलं की पाय आत जातो. खालचे रबरी बूच उलटे करून बघा. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर ते बदला.

क्रम असा: वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. पाऊल वॉकरच्या पुढच्या दांडीपर्यंत न्यायचं नाही, तसं केलं की पेशंट मागे पडतो.

काखेतल्या कुबड्या मोजताना टोकं पायांच्या साधारण १५ सेंटीमीटर पुढे आणि १५ सेंटीमीटर बाजूला. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटांचं अंतर. वजन तळहातांवर घ्यायचं, काखेवर नाही. पेशंट दमला की काखेवर लटकतो. तिथून जाणारी नस दाबली जाते, हाताला मुंग्या येतात, आणि तसंच चालू राहिलं तर मनगट वर उचलता येत नाही. ‘हात जड वाटतोय’ असं पेशंट म्हणाला तर ते थकव्यावर ढकलू नका.

काठी चांगल्या बाजूच्या हातात. दुखऱ्या पायावर उभं राहताना त्या बाजूच्या खुब्याच्या स्नायूंना कंबर तोलून धरावी लागते. काठी विरुद्ध हातात असली की तो भार ती वाटून घेते. दुखऱ्या बाजूलाच काठी धरावीशी वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून कारण समजावून सांगावं लागतं.

अर्धवट वजन देणं शिकवताना ‘थोडंसंच टेकवा’ म्हणून भागत नाही. प्रत्येकाचं थोडंसं वेगळं. साधा वजनकाटा घ्या, शेजारी तेवढ्याच उंचीची फळी ठेवा, समांतर दांड्यांमध्ये पेशंटला उभं करा. चांगला पाय फळीवर, ऑपरेशनचा पाय काट्यावर. मर्यादा २० किलो असेल तर काटा २० वर येईपर्यंत दाबायला सांगा. मग नजर समोर ठेवून तेच करायला सांगा आणि काटा तुम्ही बघा. पेशंट बहुधा जास्तच दाबतो. पाच-सहा वेळा केल्यावर अंदाज बसतो. उभ्याने जमलं तरी चालताना वजन पुन्हा वाढतं, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत पावलाकडे लक्ष हवं, आणि दुसऱ्या दिवशी काटा परत काढावा.

वाटसरू

जिन्याचं राहिलं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. असिस्टंटने उतरताना पेशंटच्या मागे, म्हणजे वरच्या पायरीवर राहावं, बेल्ट मागून धरता येतो.

तिसरा_मणका

वाटसरू, पायांचा क्रम बरोबर, पण उतरतानाची जागा चुकली. दोन्ही वेळा असिस्टंट खालच्या बाजूला: चढताना पेशंटच्या मागे, उतरताना पुढे, कमजोर बाजूकडे थोडं तिरपं. गुडघा दुमडला तर माणूस खाली आणि पुढे जातो. वरच्या पायरीवरून बेल्ट धरून तो वजन आवरता येत नाही, उलट आपणच त्याच्यावर ओढले जातो. आपले दोन पाय दोन वेगळ्या पायऱ्यांवर, एक हात बेल्टवर, दुसरा कठड्यावर किंवा पेशंटच्या खांद्यासमोर. पेशंट पाऊल टाकत असताना आपण हलायचं नाही. आधी तो स्थिर, मग आपण. पहिल्यांदा जिना करताना दोन माणसं असावीत.

वाटसरू

पटलं. दुरुस्तीबद्दल आभार.

चंदनबटवा

शेकाकडे ‘बिनधोक काम’ म्हणून बघितलं जातं आणि तो नव्या माणसावर सोपवला जातो. भाजण्याचे प्रकार त्यामुळे होतात.

गरम पॅकच्या टाकीतलं पाणी ७१ ते ७७ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. पॅक आणि त्वचा यांत टॉवेलच्या सहा ते आठ घड्या हव्यात. तयार कव्हर वापरलं तर ते किती घड्यांच्या बरोबरीचं आहे ते माहीत असावं, कव्हर जुनं होऊन चपटं झालं की वर एक टॉवेल वाढवावा. आधी पेशंटचे डोळे मिटवून गरम आणि गार पाण्याच्या नळ्या त्वचेला लावून विचारायचं, कुठली गरम. मधुमेहात किंवा नस दुखावलेल्या भागात हे उत्तर चुकतं, आणि चुकलं तर पॅक लावायचा नाही, थेरपिस्टला सांगायचं. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून त्वचा बघायची. एकसारखी गुलाबी ठीक. लाल-पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर लगेच काढायचा. एकूण वेळ १५ ते २० मिनिटं. पेशंटला पॅकवर झोपवू नये, वजनाने घड्या दबतात, उष्णता वाढते आणि मधे त्वचा बघता येत नाही. पेशंटच्या हातात घंटी द्या आणि ‘जास्त गरम म्हणजे जास्त फायदा नाही’ हे स्पष्ट सांगा. सोसत बसणारे पुष्कळ असतात.

मेणाच्या शेकाला ५२ ते ५४ अंश. अंगठी, बांगडी काढून, हात धुऊन पूर्ण कोरडा. पाण्याचा थेंब राहिला तर तिथे चटका बसतो. सहा ते दहा वेळा बुडवायचं, दरवेळी मागच्या थराच्या किंचित खालपर्यंतच, नाहीतर गरम मेण थराच्या आत शिरतं. बोटं मधे हलवली की थर तडकतो आणि तेच होतं. मग प्लास्टिक, टॉवेल, १५ ते २० मिनिटं. जखम असेल तर मेण नाही.

शॉर्टवेव्ह डायथर्मीच्या (विद्युतचुंबकीय लहरींनी खोलवर दिलेल्या शेकाच्या) वेळी शरीरात धातूचं रोपण किंवा पेसमेकर आहे का हे असिस्टंटने स्वतः पुन्हा विचारायचं, फाईलमध्ये ‘नाही’ लिहिलेलं असलं तरी. खुर्ची-खाट लाकडी. घाम टिपायला कोरडा टॉवेल, कारण ओल्या जागी उष्णता एकवटते. उपचाराच्या अल्ट्रासाऊंड यंत्राचं डोकं त्वचेवर एका जागी थांबवायचं नाही. जेल संपत आलं की पेशंटला हाडात टोचल्यासारखं दुखतं, तेव्हा यंत्र आधी बंद आणि मग बाकी सगळं.

ओसरी

गुडघा बदलल्यावर गुडघ्याखाली उशी ठेवली की पेशंटला बरं वाटतं. ठेवू द्यावी का?

मोजपट्टी

नाही. वाकलेल्या स्थितीत बरं वाटतं हे खरं, पण तासन् तास तसाच राहिला की गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि पुढे लंगडणं राहतं. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा मधे अधांतरी राहील आणि हळूहळू सरळ होईल. एका वेळी पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात.

खुबा बदललेल्या पेशंटचं वेगळं. शस्त्रक्रिया मागच्या बाजूने झाली असेल तर साधारणपणे खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पाय मधल्या रेषेपलीकडे नेणं आणि आत वळवणं टाळतात. पुढच्या बाजूने झाली असेल तर पाय मागे ताणणं आणि बाहेर वळवणं. काही सर्जन बंधनं घालतात, काही घालत नाहीत. म्हणून पाठ केलेली यादी न वापरता त्या पेशंटच्या कागदावर काय आहे ते वाचा. ठेंगण्या खुर्चीवर बसवल्यावर ९० अंश नकळत ओलांडले जातात, त्यामुळे आसन आधीच उंच करून ठेवा.

मनगट

ताण देण्याबद्दल एक महत्त्वाचं, कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होतं.

मानेच्या सहाव्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या पेशंटला मनगट वर उचलता येतं, बोटं मिटवता येत नाहीत. पण मनगट वर उचललं की बोटांचे आखूड झालेले स्नायुबंध आपोआप ताणले जातात आणि बोटं मिटतात. मनगट सोडलं की उघडतात. तेवढ्या पकडीवर पेशंट चमचा, पेला, कागद धरू शकतो. असिस्टंटने ‘बोटं आखडली आहेत’ म्हणून मनगट आणि बोटं एकाच वेळी पूर्ण सरळ ताणली तर ते स्नायुबंध सैल होतात आणि ती पकड कायमची जाते. बोटं सरळ करायची तर मनगट खाली वाकवून, आणि मनगट वर करायचं तर बोटं मिटवून. पेशंटच्या खाटेजवळ हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं, म्हणजे नातेवाईकही चुकणार नाहीत.

ताठर स्नायूंना ताण देताना हळू. वेगाने हलवलं की स्नायू झटक्यात आवळतो. सांध्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे आधार, शेवटाला ३० सेकंद थांबा, झटके नाहीत.

निरगुडी

आता ‘थांबायचं कधी’ यावर कुणी लिहील का? धाग्याच्या मथळ्यातला तो अर्धा भाग राहतोय.

नाडीपरीक्षा

लिहितो. पेशंटगणिक डॉक्टर किंवा थेरपिस्टने मर्यादा दिलेली असेल तर तीच खरी. खालचे आकडे ती नसताना सावध होण्यासाठी.

झोपलेल्या स्थितीतून उभं केल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर खाली बसवा. रक्तातला ऑक्सिजन ८८-९० टक्क्यांच्या खाली जात असेल तर थांबा. बोटावरचं यंत्र गार बोटांवर किंवा नेलपॉलिशवर चुकीचं दाखवतं, म्हणून दुसऱ्या बोटावर लावून बघा, पण तोवर पेशंट बसलेला असू द्या. छातीत दुखणं, अचानक दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं: इथे आकड्याची वाटच बघायची नाही.

नाडीवर सगळा भरवसा ठेवू नका. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारं औषध) घेणाऱ्याची नाडी मेहनत वाढली तरी फारशी चढत नाही. त्यांना ६ ते २० च्या बोर्ग मोजपट्टीवर ‘किती जड वाटतंय’ विचारा, सुरुवातीला ११ ते १३ पुरे.

पोटरी एकाच बाजूला सुजलेली, गरम, दाबल्यावर दुखणारी असेल तर व्यायाम थांबवून लगेच कळवा. चोळायचं अजिबात नाही, पेशंटने कितीही सांगितलं तरी. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा आणि आकडा सांगा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक डॉक्टरच्या दृष्टीने अर्थपूर्ण असतो.

वाटसरू

पाऊल वर दाबून पोटरी दुखते का ते बघायची जुनी पद्धत आहे ना? ती असिस्टंटने करावी का?

नाडीपरीक्षा

नको. ती खात्रीची नाही: पोटरीत रक्ताची गुठळी असूनही दुखत नाही आणि नसतानाही दुखतं. न दुखल्यामुळे ‘काही नाही’ असं वाटून पुढे चालवलं जातं, हा तिचा तोटा. घेर मोजा, कळवा.

मज्जारज्जूच्या पेशंटबद्दल एक भर. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर इजा असलेल्या पेशंटचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा-मान लाल झाली, इजेच्या वरच्या भागात घाम फुटला तर रक्तदाब बघा. या पेशंटचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० च्या आसपास असतो, म्हणून १४० हा आकडा त्यांच्यासाठी फार वर आहे. झोपवू नका. सरळ बसवा, पाय खाली सोडा, पोटाचा पट्टा, बेल्ट, बुटाच्या नाड्या सैल करा आणि त्याच वेळी दुसऱ्याला मदतीसाठी पाठवा. मग लघवीची नळी डोळ्यांनी शेवटपर्यंत बघा. खुर्चीवर नेताना ती मांडीखाली दुमडलेली असते किंवा पिशवी काठोकाठ भरलेली असते. नळी मोकळी केल्यावर दाब उतरला तरी कळवायचंच, दर दोन ते पाच मिनिटांनी मोजत राहायचं.

तिसरा_मणका

नळीचा मुद्दा अगदी नेमका. खुर्चीवर बसवून झाल्यावर नळ्या पुन्हा एकदा हाताने तपासणं माझ्या वरच्या प्रतिसादात राहून गेलं होतं, ते इथे जोडून घ्यावं.

दैनंदिनी

नोंदीबद्दल. ‘पेशंटने सहकार्य केले, व्यायाम चांगला झाला’ या ओळीवरून थेरपिस्टला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं:

‘वॉकरसह २० मीटर दोनदा, मधे ३ मिनिटं बसून. किमान आधार, एक व्यक्ती. दुसऱ्या फेरीत वळताना उजवा गुडघा दोनदा दुमडला, बेल्टने सावरलं. आधी रक्तदाब १३०/८०, नाडी ७८. नंतर १४२/८४, नाडी ९६. वेदना दहापैकी ३ वरून ५, दहा मिनिटांनी ३.’

यात ‘किमान आधार’ हा शब्द सगळ्यांनी एकाच अर्थाने वापरायला हवा. पेशंट ७५ टक्के किंवा जास्त मेहनत स्वतः करत असेल तर किमान, ५० ते ७४ टक्के असेल तर मध्यम, २५ ते ४९ टक्के असेल तर कमाल, त्याहून कमी असेल तर पूर्ण आधार. नुसता हात टेकवून ठेवला असेल तर ते वेगळं लिहावं. काल ‘मध्यम’ आणि आज ‘किमान’ लिहिलं तर पेशंट सुधारला की माणूस बदलला, हे कळलं पाहिजे. पहिल्या आठवड्यात असिस्टंट आणि थेरपिस्टने एकाच पेशंटवर आपापला अंदाज वेगळा लिहून ताडून बघावा, फरक तिथेच मिटतो.

गुडघ्याचा कोन मोजताना कोनमापकाचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावर, एक भुजा खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. आपण वाकवून मोजलं की पेशंटने स्वतः वाकवलं हे लिहा, दोन्हींत बराच फरक पडतो. आणि दिवसाची वेळ लिहा, सकाळचा ताठ गुडघा आणि दुपारचा यांची तुलना करू नये.

कोन मोजणं असिस्टंटचं काम. ‘१० अंश वाढला, म्हणून आता काठी’ हे नाही.

ओसरी

शेवटची शंका. इतकं सगळं करूनही चालताना पेशंट पडायला लागला तर?

तिसरा_मणका

त्याला सरळ उभं ठेवायची धडपड करायची नाही. बेल्ट धरून त्याला आपल्या अंगाशी ओढा, आपला एक पाय पुढे करा, गुडघा वाकवा आणि त्या मांडीवरून त्याला सावकाश घसरत जमिनीवर बसू द्या. त्याचं डोकं आपल्या छातीशी राहील असं बघा. मागे पडत असेल तरी हेच, पुढे पडत असेल तर बेल्ट मागे खेचून पाऊल पुढे टाकायला वेळ द्यायचा. एकट्याने पूर्ण वजन पेलायला जाऊ नये. पेशंट हाताळताना सुमारे १६ किलोच्या वर वजन उचलायचं असेल तर यंत्र किंवा दुसरा माणूस घ्या, असा अमेरिकेतल्या नियॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या समीकरणावर आधारलेला हिशेब आहे. साध्या माणसाचा एक पायच १०-१२ किलोच्या आसपास भरतो.

जमिनीवर आल्यावर लगेच उचलायचं नाही. हाक मारून मदत बोलवा, पेशंटला तसंच राहू द्या. डोकं आपटलं का, मान दुखते का, शुद्ध आणि बोलणं ठीक आहे का. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडल्याची शक्यता, हलवूच नका. रक्तदाब, नाडी, ऑक्सिजन मोजा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल तर पेशंट ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पुढचं काही नाही.

दैनंदिनी

आणि त्याची नोंद तासाभरात, आठवत असताना: वेळ, जागा, पायात काय होतं, साधन कुठलं, आधार किती होता, पडण्याआधी पेशंट काय म्हणाला, कुठल्या दिशेला गेला, अंगाचा कुठला भाग आधी टेकला. ‘तोल जाऊन पडला’ एवढंच लिहू नका. वळताना गुडघा दुमडून पडणं आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं यांचे उपाय वेगळे आहेत, आणि थेरपिस्ट समोर नसेल तर त्याला ते तुमच्या चार ओळींतूनच कळणार.

निरगुडी

सगळ्यांचे मनापासून आभार. लहान मुलांबरोबरचं काम आणि अतिदक्षता विभागातलं छातीचं फिजिओ यांवर स्वतंत्र धागे काढू, इथे मिसळलं तर दोन्ही अपुरे राहतील.